पाच किलो उकडे तांदूळ

पाळणा माहेरचा, हे आमच्याकडे कधीचं ठरलेलं आहे. बाबागाडी कुणाकडची हे मात्र कुणी ठरवलेलं नाही, कारण आमच्या आजीच्या काळात आमच्या वाड्यावर ती कुणाकडे नव्हतीच. त्यामुळे ताईची बातमी कळल्यावर आईने माळ्यावरचा पाळणा काढून पुसायला घेतला, आत्याने दुपटी शिवायची जबाबदारी उचलली आणि बाबागाडी आपोआप माझ्या वाट्याला आली. 'लोखंडाचं तू बघतोस ना,' एवढंच कारण आईने दिलं.

लोखंडाचं मी बघतो हे खरं. गोव्यात झुआरी नदीच्या काठावर बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू होड्या, दुरुस्त करणाऱ्या एका यार्डात मी फिटर म्हणून लागलो, आता तिथेच देखरेख करतो. चाकं, बेअरिंगं, बिजागऱ्या, गंज हा माझा रोजचा विषय. बाळांबद्दल मात्र पाटी कोरी.

दुकानात पाऊल टाकलं की पहिली गाठ पडते खोक्यांशी. सगळ्या खोक्यांवर तोच गोबऱ्या गालांचा मुलगा आणि शेजारी ठळक अक्षरांत 'शून्य ते तीन वर्षं'. तीन वर्षांचं पोर आंब्यावर चढायला बघतं; शून्य वर्षांच्या बाळाला स्वतःचं डोकं सावरत नाही. दोघांना एकच खुर्ची चालेल असं सांगणाऱ्या माणसावर मी यार्डात विश्वास ठेवला नसता, दुकानात तरी का ठेवावा? ताईच्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञ बाईंना विचारलं. त्यांनी कसलंही अवघड नाव न घेता सांगितलं. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असतं, मानेचे स्नायू कच्चे आणि श्वासनलिका अरुंद. अशा बाळाला बसतं केलं की डोकं पुढे कलंडतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दाबली जाते. रडून सांगण्याइतकाही आवाज तेव्हा होत नाही. म्हणून सुरुवातीचे महिने बाळ गाडीत बसत नाही, झोपतं. पाठ सपाट हवी, किंवा सपाटच्या अगदी जवळ.

'जवळ' हा शब्द आमच्या धंद्यात चालत नाही, तिथे आकडा लागतो. तो युरोपच्या बाबागाड्यांच्या मानकात मिळाला. ईएन 1888 असं त्याचं नाव. सहा महिन्यांखालच्या बाळासाठी म्हणून विकायच्या गाडीत बैठक आणि पाठ यांच्यातला कोन निदान 150 अंशांचा हवा, असं ते सांगतं. आकडा मिळाल्यावर मी पणजीतल्या एका दुकानात खिशात कोनमापक घालून गेलो. 'फुल्ली फ्लॅट आहे सर' म्हणत विक्रेत्याने मागची चेन उघडली, पाठ खाली गेली. मी कोनमापक लावला, काटा 135 च्या आसपास थांबला. पुढची गाडी बघितली, तिची पाठ सपाट होत होती पण मधोमध कापड झोळीसारखं खोल जात होतं. म्हणजे कोन बरोबर आणि बाळ दुमडलेलं. तिसरीकडे वळलो तेव्हा विक्रेता चहा सांगायला निघून गेला.

आणखी एक मोह तिथे मांडून ठेवलेला असतो. मोटारीतली बाळाची सीट काढायची आणि तशीच गाडीच्या सांगाड्यावर खटकन बसवायची. झोपलेलं बाळ उठत नाही, फार सोयीचं. मोटारीत सीट हवीच, त्याबद्दल वाद नाही. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर मुलाला सुरक्षित न बांधता नेल्यास हजार रुपये दंड आहे. पण ती सीट अर्धवट बसती असते आणि मोटारीतल्या प्रवासापुरतीच असते. तिच्यातच बाळाला बाजारभर फिरवणं, तासन्‌तास झोपवणं म्हणजे पुन्हा तीच हनुवटी आणि तीच छाती. सीट आणि सांगाडा मिळून येणारा तो संच मी यादीतून काढून टाकला. तो महाग होता हेही खरं, पण ते दुय्यम.

खरा प्रश्न मात्र ताईने एका वाक्यात सोडवला. ती बाळंतपणाला फोंड्याला आमच्याकडे आली होती. मी मोबाइलवर फोटो दाखवत होतो, ही बघ, हिला अमुक आहे, हिला तमुक आहे. ती म्हणाली, 'मला संध्याकाळी बाहेर पडायचंय रे. कुणाची वाट न बघता. एवढं जिच्याने जमेल ती आण.'

ताईचं सासर पणजीत, मळा नावाच्या जुन्या वस्तीत. भावोजी जहाजावर असतात, घरी असले की असतात, नसले की महिनोन्‌महिने नसतात. घरात माई, म्हणजे ताईच्या सासूबाई, त्यांचे गुडघे गेलेले. घर जुनं, चिऱ्यांचं, रस्त्यापासून तीन पायऱ्या वर आणि पायऱ्या संपल्यावर दाराला चांगला दणकट उंबरा. तोवर मी गाडी निवडत होतो ती बाळासाठी. बाळाला काय, पाळणाही चालतो, झोळीही चालते, आजीची मांडी तर सगळ्यांत उत्तम. गाडी लागते ती आईला. ती एकटी आहे, बाळ एका हातावर आहे, आणि दुसऱ्या एका हाताने तिला ती गाडी तीन पायऱ्या उतरवायची आहे. त्यात सिझेरियन झालं तर पहिले काही आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नको, असं डॉक्टर सांगतात. दुकानातल्या देखण्या गाड्या दहा-अकरा किलोंच्या होत्या.

उतार बांधावा का, हाही विचार करून झाला. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचं प्रमाण एकास बारा धरतात. तीन पायऱ्यांची उंची दीड फूट म्हणजे उतार अठरा फूट लांब. मळ्यातली ती गल्ली तेवढी रुंदही नाही. अठरा फुटांचा उतार समोरच्यांच्या स्वयंपाकघरात उतरला असता.

गाडी दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर ढकलून काही कळत नाही. तिथे सगळ्याच गाड्या लोण्यातून सुरी जावी तशा जातात. म्हणून यार्डातल्या एका सहकाऱ्याकडून मी त्याच्या मुलीची जुनी गाडी उसनी आणली. ती त्याने मोरजीत, हंगाम संपवून परत निघालेल्या एका रशियन कुटुंबाकडून घेतली होती. मोरजीच्या रस्त्यावर हे लोक लाल मातीतून, खड्ड्यांतून गाड्या ढकलत जाताना मी कितीदा पाहिलं होतं, आणि त्यांची चाकं मोठी असतात हेही तेव्हाच नजरेत भरलं होतं. शास्त्र साधं आहे. चाक जितकं मोठं, तितका समोरचा दगड त्याला लहान. चार बोटांचं चाक चिऱ्याच्या कपच्यापाशी अडतं, वीतभराचं चाक त्यावरून चढून जातं. आता गाडीत वजन हवं. घरात पाच किलोंची उकड्या तांदळाची पिशवी होती. ती दुपट्यात गुंडाळली, पट्टे लावले आणि मे महिन्यातल्या एका टळटळीत सकाळी मळ्यातून निघालो.

पणजी चालायला सुंदर आहे, असं पर्यटकांसाठी छापलेल्या पुस्तकांत लिहितात. माणसाने एकट्याने, हात मोकळे ठेवून चालायचं असेल तर आहेच. चाकं घेऊन निघालात की शहर वेगळं दिसायला लागतं. पदपथ रस्त्यापासून इतका उंच की गाडी मागे कलती करून, पुढची चाकं वर ठेवून, मग मागची उचलावी लागतात. वर चढलो की दहा पावलांवर स्कूटर उभी. ती चुकवायला खाली उतरलो की समोर खणलेला चर. फोंतेन्यच्या बाजूला रंगीत भिंतींसमोर फोटो काढणाऱ्यांची रांग, त्यांच्या मधून गाडी नेताना दोघांनी वाकून आत पाहिलं आणि दचकले. एका घराच्या बाल्कांवमध्ये, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी कौतुकाने विचारलं, 'वजन कितलें?' मी म्हणालो, 'पांच किलो.' 'बरें आसा,' म्हणाले. तांदूळ म्हणून सांगायचा धीर झाला नाही.

त्या फेरीत कळलं ते कुठल्या खोक्यावर लिहिलेलं नव्हतं. एक म्हणजे ब्रेक. आल्तिन्होच्या चढावर गाडी उभी करून ब्रेक लावला आणि हात सोडला. चाकाला नुसता घासणारा रबरी ब्रेक अशा उतारावर हळूहळू हार मानतो. चाकाच्या दात्यांत खिट्टी जाऊन अडकवणारा धरून राहतो, आणि एका पायाने दाबल्यावर दोन्ही मागची चाकं अडकली पाहिजेत. दुसरं, पिशवी. वाटेत घेतलेली केळी मी मुठीला अडकवली, पाणी प्यायला हात काढला आणि गाडी मागच्या मागे उलटली. तांदूळ पट्ट्यांमुळे जागच्या जागी राहिले, याचं श्रेय दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक पायांमधून येणाऱ्या पाच टोकांच्या पट्ट्याला. नुसता कमरेचा पट्टा असलेल्या गाड्यांवर मी तिथेच काट मारली. तिसरं, मुठीची उंची. माझ्या मापाची मूठ ताईला छातीशी येते. बाळ सारखं उचलून बाळंतिणींची मनगटं आधीच दुखावतात, त्यात वाकड्या मनगटाने गाडी ढकलायची म्हणजे शिक्षाच. मूठ वरखाली होणारी हवी.

माईंनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी गाडीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, 'हे भुरगं बसच्या धुराच्या नळीसमोरच की.' मी मनात म्हटलं, आता दृष्टीचा विषय निघणार. पण त्या दृष्टीबद्दल बोलत नव्हत्या, धुराबद्दल बोलत होत्या. आणि त्यांचं बरोबर होतं. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये नेमकं हेच मांडलं होतं: वाहनांचा धूर जमिनीपासून मीटरभराच्या आतच दाट असतो आणि बाबागाडीतल्या बाळाचं नाक तिथेच येतं. म्हणजे बैठक जितकी उंच तितकी बरी, आणि वाहनांनी गजबजलेल्या 'अठरा जून' रस्त्यापेक्षा कांपालचा नदीकाठ बरा. छत्र्यांसारख्या दुमडणाऱ्या छोट्या गाड्या नेमक्या इथे कमी पडतात, त्या बुटक्या असतात.

त्या छत्रीगाड्यांबद्दल मला, खरं सांगायचं तर, व्यवसायबंधूचा जिव्हाळा आहे. ओवेन मॅकलरेन नावाच्या ब्रिटिश विमान अभियंत्याने त्या काढल्या. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाची चाकं उड्डाणानंतर पंखांत दुमडून घेणाऱ्या यंत्रणेवर या माणसाने काम केलं होतं. पुढे आजोबा झाल्यावर त्याने नातवंडाची अवजड गाडी पाहिली आणि तीच विद्या तिला लावली. ॲल्युमिनियमच्या नळ्या, तीन किलोंच्याही आत वजन, एका झटक्यात काठीसारखी मिटणारी गाडी. 1965 मध्ये पेटंट. सुरुवातीला कितीतरी वर्षं बाबागाडी म्हणजे श्रीमंतांचा रथ होता. 1733 मध्ये विल्यम केंटने ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या मुलांसाठी बनवलेली गाडी तर शेळीने ओढायची होती. मॅकलरेनने ती बसमध्ये चढवली. मात्र दुमडणाऱ्या प्रत्येक वस्तूला बिजागरी असते आणि बिजागरीला बोटं आवडतात. 2009 मध्ये अमेरिकेत त्याच नावाच्या सुमारे दहा लाख गाड्यांच्या बिजागऱ्यांना झाकणं द्यावी लागली, मुलांच्या बोटांची टोकं त्यांत तुटल्याच्या घटना घडल्या होत्या. तेव्हापासून कुठलीही गाडी उघडताना मी आधी बिजागरी बघतो, कापड नंतर. उघडताना-मिटताना पोर हाताच्या अंतरावर नको, हे ताईला वहीवर लिहून दिलं. नवजात बाळासाठी मात्र छत्रीगाडी नाहीच. ती झोळी आहे, पाठ नाही.

मग तोंड कुणीकडे? रस्त्याकडे की आईकडे? मला हा चोचल्याचा प्रश्न वाटायचा. डंडी विद्यापीठातल्या सुझान झीडिक यांनी 2008 मध्ये ब्रिटनमधल्या रस्त्यांवर आई-बाप आणि गाडीतली मुलं यांची निरीक्षणं केली. मूल ढकलणाऱ्याकडे तोंड करून असेल तेव्हा मोठी माणसं त्याच्याशी दुपटीहून जास्त वेळा बोलताना आढळली. ताई मुळातच बडबडी, तिला समोर तोंड मिळालं तर सोन्याहून पिवळं. आपल्या बाजारात यासाठी एक स्वस्त युक्ती असते: बैठक तशीच ठेवून मूठच पुढून मागे उलटवायची. पण मूठ उलटवली की गरगर फिरणारी पुढची चाकं मागे येतात आणि न फिरणारी पुढे जातात. मळ्यातल्या वळणांवर अशी गाडी म्हणेल तिकडे आपण जायचं. बैठकच काढून उलटी लावता येते त्या गाड्या उत्तम, पण जड. इथे मी वजनाच्या बाजूने कौल दिला. निजलेलं बाळ छताच्या जाळीच्या खिडकीतून दिसतं आणि ताईचा आवाज फोंड्याहून मळ्यापर्यंत ऐकू जाईल असा आहे.

घ्यायची कधी, यावर आईशी थोडं वाजलं. बाळ आषाढात येणार होतं. आईला सगळं आधी घरात हवं होतं. गोव्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक याच चार महिन्यांत. कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी, पुस्तकांना वास, लग्नातल्या कोटावर ठिपके. अशा हवेत फोमची गादी असलेली गाडी कोपऱ्यात उभी करून ठेवायची आणि मग त्यावर महिन्याचं बाळ झोपवायचं, हे मला पटेना. तसंही सव्वा महिना बाळंतीण खोलीबाहेर पडत नाही. सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याची लस असते, तिथे जायचं ते मोटारीने. चवथ झाली, पाऊस ओसरला की ताई मळ्यात परतणार, गाडी तेव्हा. आई गप्प बसली, पण एक जुना पलंगपोस फाडून तिने गाडीसाठी चार पातळ चादरी शिवून ठेवल्या. कापड काढून धुता आलं पाहिजे, ही माझ्या यादीतली ओळ तिलाही मान्य होती.

गंजाचं मात्र मला कुणी शिकवायला नको. दुकानदार 'ॲल्युमिनियम आहे, गंजत नाही' म्हणतो ते अर्धंच खरं. ॲल्युमिनियमच्या नळीत पोलादी स्क्रू घातला आणि त्यावर खारी हवा लागली की दोन धातूंत बॅटरीसारखा व्यवहार सुरू होतो आणि ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीत झडायला लागतं. बोटींवर हे रोज बघतो. त्यामुळे समुद्रावरून आल्यावर गाडी गोड्या पाण्याने पुसायची, सांधे कोरडे करायचे. चाकांना स्वयंपाकघरातलं तेल घालायचं नाही. तेलाला वाळू चिकटते आणि ती पॉलिश पेपरचं काम करते. मिरामारच्या वाळूत गाडी घालूच नये, पदपथावर उभी करून बाळ उचलून पाणी दाखवावं. हवा भरायच्या चाकांना पंक्चरची कटकट, म्हणून भरीव फोमची.

शेवटी घेतलेली गाडी दिसायला काही विशेष नाही. साडेसात किलो, पाठ 160 अंशांवर जाते, पाठीखाली सपाट फळी, मागची चाकं वीतभर, मूठ तीन उंचींवर, आणि एका हाताने मिटते. रंग मी फिकट राखाडी मागितला. काळा रंग ऑक्टोबरच्या उन्हात तापतो. ऊन लागतं म्हणून छतावरून दुपटं किंवा ओढणी सोडायची आपल्याकडे सवय आहे, तेवढी करू नको, हे मी ताईला बजावलं: आतली हवा कोंडते आणि उष्णता साठत जाते, बाहेरून काही कळत नाही. त्याऐवजी मच्छरदाणीची जाळी. हवा येते, आणि पावसाळ्यानंतर पणजीतल्या डासांची डेंग्यूची भीती असतेच.

ताई एकटी ती उतरवते. रीत तिने स्वतःच बसवली: आधी मिटलेली गाडी खाली, ती उघडून ब्रेक, मग वर जाऊन बाळ. तेवढा वेळ माई दारात बसून गाडीवर लक्ष ठेवतात. संध्याकाळी गार्सिया द ओर्ता बागेपर्यंत, अंगात त्राण असेल तर पुढे कांपालपर्यंत. एकदा बेतीची फेरीबोट धरून पलीकडे जाऊन आली. फेरीला पायरी नाही, चाकं सरळ आत जातात, याचा शोध लागल्याचा फोन तिने मला नदीच्या मधोमध असताना केला. परतताना खालच्या जाळीत माईंचे नारळ असतात. मुठीला पिशवी लावायची नाही, हा नियम नारळांच्या बाबतीत तरी पाळला जातो.

आता आईने वॉकरचा विषय काढलाय. शेजारच्यांकडे आहे, नातू त्यात टुणटुण धावतो. मी सांगितलं, जिन्यावरून पडून मुलांची डोकी फुटतात, कॅनडाने तर 2004 मध्ये वॉकर विकायलाच बंदी घातली. आईने तांदूळ निवडता निवडता ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'कॅनडात बर्फ असतं. घसरतच असतील पोरं.'